नाव गाडगेबाबांचं, काम कुणाचं?

आमच्या यवतमाळकडचा माणूस मुंबईत सातरस्त्याला गेला की मान वर करतो. उंच खांबांवर मोनोरेलचं स्टेशन, नाव ‘संत गाडगे महाराज चौक’. बाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. आपलं माणूस भेटल्यागत वाटतं.

चेंबूर-वडाळा मोनोरेल २०१४ साली सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये ती सातरस्त्यापर्यंत आली. एकाच काँक्रीटच्या तुळईवर रबरी चाकांनी धावणारी ही गाडी. १९ ऑगस्ट २०२५ ला मुसळधार पावसात हार्बरची लोकल बंद पडली, गर्दी मोनोत शिरली. भार पेलेना, गाडी म्हैसूर कॉलनीजवळ अधांतरी अडकली. आत माणसं गुदमरली. अग्निशमन दलानं शेकडो प्रवासी खाली उतरवले. २० सप्टेंबरपासून सुधारणेसाठी सेवा थांबवण्यात आली.

बाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा क्रम. आम्ही कारकून माणसं, हिशेब साधा मांडतो : आधी झाडू, मग कीर्तन. देखभाल आधी, उद्घाटन मागून. बाबांचं नाव लावणाऱ्यांनी त्यांचा क्रमही पाळावा.