दिवाळीची वडी भाद्रपदातच ओतावी लागते

नरकचतुर्दशीच्या पहाटे, आकाशात अजून तारे असताना, घराघरांतून तिळाच्या तेलाचा आणि उटण्याचा गंध दरवळू लागतो. त्या दिवशी तेलात लक्ष्मी आणि पाण्यात गंगा वास करते अशी आपली श्रद्धा. आघाडा मस्तकावरून फिरविला जातो, कारीट डाव्या अंगठ्याखाली फुटते, आणि मग पाटाशेजारी ठेवलेली साबणाची नवी वडी कागदातून बाहेर निघते. या वडीविषयी, आणि विशेषतः ती घरी बनवून विकणाऱ्या भगिनींविषयी, आम्ही आज चार शब्द लिहू इच्छितो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. अभ्यंगाच्या विधीत साबणास मुळीच स्थान नाही. विधी तेलाचा आहे, आणि तेल काढण्यासाठी नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद यांचे उटणे आहे. केसांना शिकेकाई, रिठे आहेत. साबण मागाहून आला. महाराष्ट्रात तर टाटा ऑइल मिल्सच्या गोल, घसघशीत 'मोती'ने दिवाळीची पहाट अशी काही व्यापली, की ती कंपनी १९९३ साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली तरी वडीचा मान ढळला नाही. रूढी म्हणून आमची त्यास काहीच हरकत नाही. आमच्याही घरी ती पाळली जाते. परंतु अलीकडे हातसाबणाच्या वेष्टनावर 'शास्त्रोक्त अभ्यंग साबण' अशी अक्षरे दिसू लागली आहेत, ती मात्र खरी नव्हेत. शास्त्राने न सांगितलेली वस्तू शास्त्राच्या नावाने विकण्याचे कारण नाही. चांगला साबण चांगला साबण म्हणूनच विकला जावा.

आणि तो चांगला असू शकतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारखान्यात साबण होताना त्यातील ग्लिसरीन बहुधा वेगळे काढले जाते. हातसाबणात ते वडीतच राहते व त्वचेस मऊपणा देते. कृती वरवर पाहता सोपी आहे. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा (सोड्यावर पाणी ओतावयाचे नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येते), ते निवले की कोमट तेलात सावकाश मिसळायचे, कढीसारखे दाट झाले की साच्यात ओतायचे, दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. भांडे स्टेनलेस स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमचे पातेले कॉस्टिक खाऊन टाकतो.

सोपेपणा एवढाच. पुढे सारा हिशेब आहे. एक किलो खोबरेल तेलास सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक लागतो, तर तितक्याच तिळाच्या तेलास सुमारे १३५. म्हणजे खोबरेल महागले म्हणून कोणी अर्धवट माहितीने त्याऐवजी तिळाचे तेल घातले आणि सोडा मात्र पूर्वीच्याच मापाने घातला, तर उरलेले ४५ ग्रॅम कॉस्टिक वडीत तसेच राहील. ती वडी कोणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या अंगास लागणार आहे. २०२५ साली खोबरेलाचे भाव जसे कडाडले, तसे झाले की असा मोह होतोच. म्हणून ज्या भगिनी प्रत्येक तेलाचे माप वेगळे काढतात, हिशेबापेक्षा थोडा कमीच सोडा घेतात आणि प्रत्येक घाणीची नोंद वहीत ठेवतात, त्यांच्या वडीस दोन पैसे अधिक देण्यात आम्हांस कधी संकोच वाटला नाही.

दुसरा हिशेब पंचांगाचा. ओतलेली वडी किमान चार, आणि खरे म्हणजे सहा आठवडे वाऱ्यावर मुरावी लागते. तोवर तिच्यातील पाणी उडते, ती कठीण होते आणि सौम्यही होते. आता नरकचतुर्दशी ही आश्विन वद्य चतुर्दशी. तेथून सहा आठवडे मागे गेले, की आपण भाद्रपद वद्य द्वितीयेस, म्हणजे पितृपक्षाच्या तोंडाशी येऊन ठेपतो. येथेच पुष्कळशा घरांत काम अडते. पितृपक्षात नवे काही आरंभू नये, म्हणून घटस्थापनेची वाट पाहिली जाते. घटस्थापनेपासून नरकचतुर्दशीपर्यंत चारच आठवडे, आणि त्यातूनही दुकानी माल आठ-दहा दिवस आधी द्यावा लागतो. उरले अठरा-वीस दिवस. अशी कोवळी वडी न्हाणीघरातील ओलाव्यात भाऊबीजेपर्यंतही टिकत नाही, तिचा लगदा होतो. आमच्याच घरी एका वर्षी असे झाले, आणि आमच्या मातोश्रींनी त्यानंतर घरगुती साबणाचे नाव टाकले ते कायमचे. ज्या घरी पितृपक्षाचा नेम कडक आहे, त्यांनी गणपती घरी असतानाच, अनंत चतुर्दशीच्या आत साचे भरावेत. नेमही राहतो आणि वडीही मुरते. चालू धंद्यातले रोजचे काम हा काही नवा आरंभ नव्हे, असेही कोणी म्हणेल. आमचे मत तेच आहे, पण ज्याने त्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे.

या सहा आठवड्यांत पैसा अडकून पडतो, हे ग्राहकाच्या ध्यानी येत नाही. तेलाचे बिल भाद्रपदात चुकवायचे, आणि दुकानदार हिशेब देणार तुळशीच्या लग्नानंतर, तोही विकला तेवढ्याच मालाचा. शिवाय ओली शंभर ग्रॅमची वडी मुरताना दहा-बारा ग्रॅमने घटते. प्रामाणिक बाई मुरल्यावर तोलून तेच वजन छापते आणि शेजारचीपेक्षा तिची वडी महाग दिसते. आकाशकंदिलाची किंमत मुकाट्याने देणारे आपण येथे मात्र घासाघीस करतो.

विकणाऱ्यांसही आमचे सांगणे आहे, आणि ते थोडे कडक आहे. तयार साबणाच्या लाद्या आणून त्या वितळवून, रंग-वास घालून साच्यात ओतण्यात पाप नाही. पण तसे सांगावे, त्यास 'आजीच्या कृतीचा' म्हणू नये. हळदीला क्षाराचा स्पर्श झाला की ती तांबूस होते. कुंकू पाहणाऱ्या घरांस हे निराळे सांगावयास नको. तेव्हा झेंडूसारखी पिवळीधमक 'हळदीची' वडी बहुधा रंगाची असते. गुलाबाच्या पाकळ्याही साबणात काळपट पडतात, गुलाबी राहत नाहीत. खऱ्या चंदनतेलाचा भाव ज्यास ठाऊक आहे, त्याने स्वस्त वडीवर 'शुद्ध चंदन' लिहू नये. खरूज, कोड बरे करण्याच्या गोष्टी तर सर्वस्वी वर्ज्य कराव्यात. घरी केला म्हणून कायदा साबणास सोडीत नाही. विक्रीसाठी बनविण्यास अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि वेष्टनावर नाव, पत्ता, घटक, वजन, तारीख असावी लागते.

आणि देवादिकांची चित्रे. वेष्टनावर लक्ष्मी छापली की माल खपतो हे आम्हांस कळते. पण ते वेष्टन त्याच दिवशी केराच्या टोपलीत जाते. त्याहून वाईट म्हणजे वडीवरच उठविलेला गणपती. ज्या मूर्तीस आपण निरांजन ओवाळतो, तीच मोरीत बसून अंगावर झिजवायची! साच्यात कमळ असावे, शंख असावा, नुसती वेलबुट्टी असावी. असा साबण घेण्यास आम्ही स्वतः नकार देतो आणि का देतो ते विकणारीस नम्रपणे सांगतो. एकीने पुढच्या वर्षी साचाच बदलला.

वाचकांनी यंदा वडी हाती घेताना प्रथम नाकाशी नेऊ नये, ओतल्याची तारीख विचारावी. घटस्थापनेची निघाली तर घ्यावीच, त्या बाईच्या कष्टांकडे पाठ फिरवू नये. फक्त ती कागद सोडून फळीवर उभी करून ठेवावी आणि नरकचतुर्दशीस उटण्यानेच भागवावे. तिचे सहा आठवडे कार्तिक शुद्ध त्रयोदशीच्या सुमारास भरतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटेस ती खुशाल काढावी.