तबकडी जाईल, आवाज जपा

२० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांचे निधन झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. कर्ज काढून सण करू नका, हे गाडगेबाबांनी कीर्तनातून आयुष्यभर सांगितले. नव्या वस्तूंच्या बाजारातही तोच उपदेश लागू पडतो.

२००६ साली तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या गटाची ब्ल्यू-रे, अशा दोन तबकड्या बाजारात भिडल्या. एकीची तबकडी दुसरीच्या प्लेअरवर चालत नसे. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. घाई केली त्यांचा पैसा वाया गेला; थांबला तो शहाणा ठरला.

पण समाजाच्या ठेव्याबाबत थांबणे परवडणारे नाही. भीमगीतांच्या कॅसेटी, जयंतीच्या व्हीसीडी वऱ्हाडातल्या घराघरांत पेटीत पडून आहेत. वाजवायला प्लेअर मिळत नाही, तबकड्या खराब होत आहेत. आपला इतिहास कोणती कंपनी जपणार? प्रत्येक विहाराने या मुद्रणांच्या दोन प्रती नव्या साधनात उतरवून दोन ठिकाणी ठेवाव्यात. जयंतीच्या वर्गणीतले चार पैसे डीजेऐवजी या कामी लावले, तर पुढच्या पिढीला आपल्या शाहिरांचा आवाज ऐकता येईल.