ओसरून फसविणारा रोग

२०१८ च्या वैशाखांत आमच्या घरीं लग्नकार्य होतें. आमची भाची तेव्हां एकतीस वर्षांची, दिसण्यांत धडधाकट, एका शाळेंत शिक्षिका. ओट्यापाशीं दहा मिनिटें उभी राहिली कीं ती आंत जाऊन पंख्याखालीं आडवी होई. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, तेव्हां आम्हीं तिला चार शब्द सुनावले. ती एवढेंच म्हणाली, "मामा, उकाडा वाढला कीं माझे पाय माझे राहतच नाहींत." नव्या पिढीच्या सुकुमारपणाविषयीं आमचीं मतें ठाम असल्यामुळें आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. त्याच पावसाळ्यांत तिचा डावा पाय बधिर झाला. एका डॉक्टरांनीं 'मनाचा अशक्तपणा' असें निदान केलें व आम्हांस तें पटलेंही!

पुढें मज्जासंस्थेच्या विशेषज्ञांनीं रोगाचें नांव सांगितलें तें मल्टिपल स्क्लेरोसिस. 'स्क्लेरोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ कठीण. म्हणजे अनेक ठिकाणीं आलेलें काठिण्य. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील शार्को यांनीं १८६८ मध्यें मेंदू व पृष्ठरज्जु यांतील अशा कठीण चट्ट्यांचा व रोग्याच्या लक्षणांचा संबंध जुळवून दाखविला. (आपल्या ग्रंथांतील एखाद्या वातव्याधीचें नांव यास चिकटविण्याचा मोह आम्हांस झाला होता, परंतु नांव सांपडलें म्हणजे रोग कळला असें नव्हे.) मज्जातंतूंभोवतीं मायलिन नांवाचें स्निग्ध वेष्टण असतें. या रोगांत शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशीच त्या वेष्टणावर उलटतात, आणि मेंदूचा निरोप वाटेंत मंदावतो किंवा अडतो. चट्टा डोळ्याच्या तंतूवर पडला तर दृष्टि अंधुक होते. पृष्ठरज्जूंत पडला तर पाय जड होतात, लघवीवरील ताबा सुटतो. शरीर तापलें कीं दुखावलेल्या तंतूंतील वहन आणखी मंदावतें. श्रमानंतर अशा रोग्यांची दृष्टि तात्पुरती अंधुक होते, ही गोष्ट ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्यांनीं १८९० मध्येंच नोंदविली आहे. लग्नघरांतील 'आळस' तो हाच.

हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रगट होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक. तो स्पर्शानें पसरत नाहीं. एप्स्टाइन-बार नांवाच्या विषाणूशीं त्याचा निकट संबंध असल्याचें अमेरिकन सैनिकांच्या रक्ताच्या अभ्यासांतून २०२२ मध्यें दिसून आलें. तथापि तो विषाणु बहुतेक सर्वांनाच केव्हां ना केव्हां गांठतो आणि रोग मात्र थोड्यांनाच होतो.

त्याचें खरें कपट ओसरण्यांत आहे. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस डेस्टे याची दृष्टि १८२२ मध्यें अंधुक झाली आणि औषधावांचून परत आली, असें त्याच्या रोजनिशींत आहे. पुढें वर्षानुवर्षें तो पंगु होत गेला. आमच्या भाचीचा उजवा डोळा २०१६ मध्यें असाच अंधुक झाला होता. डोळा फिरवितांना दुखे. पांच-सहा आठवड्यांत तो निवळला. तिच्या सासूबाईंनीं श्रेय नवसाला दिलें, जावयांनीं डोळ्यांच्या थेंबांना आणि आम्हीं त्रिफळेच्या पाण्याला. तो मुळांत अंधुक कां झाला, हें कोणीच विचारलें नाहीं!

तें विचारलें विशेषज्ञांनीं. पाऊण तास ते केवळ मागील हकीकत ऐकत होते, आणि दोन वर्षांपूर्वींचा डोळा तेथेंच बाहेर आला. मग एम.आर.आय. झाला. चट्टे निरनिराळ्या ठिकाणीं व निरनिराळ्या काळीं पडले आहेत हें तेव्हां सिद्ध व्हावें लागे. शिरेंतून औषध दिल्यावर ताजे चट्टे उजळतात, जुने उजळत नाहींत. पाठींतून काढलेलें पाणीही तपासलें. याच रोगासारखा दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा निराळा रोग आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसचीं कांहीं औषधें त्यांत अपाय करतात. म्हणून रक्ताची वेगळी तपासणी झाली. केवळ चित्र पाहून औषध लिहून देणाऱ्यांपासून दूर राहावें असें आमचें मत तेव्हांपासून झालें आहे.

झटका आला असतां स्टिरॉइड देतात; त्यानें तो लवकर आवरतो, पण पुढील भवितव्य बदलत नाहीं. तें काम दुसऱ्या औषधांचें. पहिलें इंटरफेरॉन अमेरिकेंत १९९३ मध्यें मान्य झालें. आज गोळ्या, टोचण्या व शिरेंतून देण्याचीं औषधें आहेत. रोग समूळ जात नाहीं, झटके मात्र पुष्कळ कमी होतात. हीं औषधें बरें वाटत असतांनाच घ्यावयाचीं असतात, आणि घरच्या मंडळींस नेमकें हेंच उमगत नाहीं. 'आतां बरी आहे ना, मग सुई कशाला?' हा प्रश्न आम्हींही विचारला होता. कांहीं औषधांपूर्वीं क्षय व कावीळ यांची तपासणी करतात, ती टाळूं नये. खर्च मोठा आहे. मुंबईंत १९८५ पासून या रोग्यांची संस्था, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया, काम करीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतही या रोगाचा नामनिर्देश आहे.

सासूबाईंनीं संकोचानें मुलाबाळांविषयीं विचारलें. रोगामुळें मातृत्वास बाध येत नाहीं, गरोदरपणांत झटके उलट कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत मात्र जपावें लागतें, आणि औषधांचा विचार आधींपासून करावा लागतो, असें उत्तर मिळालें. त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा ताण तेथेंच उतरला.

भाची आतां सकाळचे वर्ग घेते, व्यायामशास्त्रज्ञांनीं शिकविलेले व्यायाम करते आणि दुपारीं निजते. तिला कोणी कांहीं बोलत नाहीं. चिकित्सालयांत जातांना तारीखवार लक्षणांची वही न्यावी लागते. ती आम्हींच आंखून दिली आहे. पहिल्या पानावर तिनें त्या वैशाखांतील लग्नाची तारीख लिहिली आहे.