टिप कुणाच्या खिशात?

रोह्याहून पेणला गेलो की आमच्या ग्रुपची मिसळ ठरलेली. परवा जरा स्टाइल मारली, हायवेवरच्या एसी हॉटेलात बसलो. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज! मॅनेजर म्हणाला, "द्यावाच लागतो." साफ चूक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, हा चार्ज परस्पर बिलात लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. बिनधास्त काढायला सांगा. नाही ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पण पैसे वाचले म्हणून लगेच सटकायचं? अमेरिकेत टिपवर काम करणाऱ्या वेटरचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. तिथली पंधरा-वीस टक्के टिप म्हणजे बक्षिसी नाही, पगारच. जपानमध्ये टिपेची पद्धतच नाही. आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत चिल्लर ठेवायचो, यूपीआय आल्यापासून तीही गेली!

आम्ही चार्ज काढायला लावला आणि त्यातले पन्नास रुपये वाढणाऱ्या दादाच्या हातात दिले. त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग खिशात टाकले. बिलातल्या चार्जमधलं त्याला आजवर काहीच मिळालं नव्हतं म्हणे.