‘आधी बायका-मुले’ हा नियम कुणाचा?

मैत्रिणींनो, आपला यवतमाळ जिल्हा समुद्रापासून कितीतरी दूर. तरी या वेळी बुडत्या बोटींबद्दल लिहिते आहे. वर्धा, पैनगंगेवर डोंग्यात पाय ठेवणाऱ्या बाया आपल्यातही आहेत.

संकटात ‘आधी बायका-मुले’ वाचवतात, हे ‘टायटॅनिक’मुळे डोक्यात बसले आहे. १९१२ साली त्या बोटीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश बायका वाचल्या, पुरुष जेमतेम पाचवा हिस्सा. पण स्वीडनच्या दोन संशोधकांनी तीन शतकांतल्या १८ दुर्घटना तपासल्या आणि २०१२ साली दाखवून दिले की टायटॅनिक हा अपवाद. एरवी बायका पुरुषांपेक्षा कमी वाचल्या, मुले सर्वांत कमी, आणि खलाशी जास्त. १९९४ साली ‘एस्टोनिया’ बुडाली, तेव्हा वाचलेल्या १३७ जणांत बायका फक्त २६. टायटॅनिकवर कप्तानाने हुकूम दिला होता आणि अधिकाऱ्यांनी तो राबवला. पुरुषांचे मोठे मन आपोआप जागे झाले, असे काही घडले नव्हते.

आपल्याकडची ‘रामदास’ आठवा. १७ जुलै १९४७. मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट लाटेच्या तडाख्याने कलली, प्रवासी भीतीने एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून जास्त माणसे गेली. त्या धावण्याला अडाणीपणा म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. कुठे थांबायचे, जॅकेट कुठे आहे, हे ज्याला माहीत नाही तो दुसरे काय करणार? १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. घाबरलेले काही आईबाप लेकरांना पाण्यात टाकायच्या बेतात होते. मदतीला धावलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी त्यांना थांबवले, लेकरांना आपल्या बोटीत घेतले. कुणी ठामपणे सांगणारे असले की माणसे ऐकतात.

आणि आपण? अंगाला चिकटलेले ओले लुगडे, कडेवर पोर, पोहणे येत नाही. पोरगा गावच्या विहिरीत सूर मारत मोठा होतो; पोरगी जरा वयात आली की तिला काठावरूनच परत बोलावतात. वर बायकाच घाबरट!

पोहणे ही चैन नव्हे. शाळेने मुलींनाही ते शिकवावे, आणि जिथे डोंगा चालतो तिथे माणशी एक जॅकेट असावे, मुलांच्या मापाचेसुद्धा. ही मागणी ग्रामसभेत लेखी द्या, ठरावात नोंदवून घ्या. तुमच्या घाटावर काय स्थिती आहे आणि गावातल्या किती मुलींना पोहता येते, ते पुढच्या अंकासाठी आम्हाला कळवा.