भिंतीवर कुणाचं तोंड?

सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला या. आळेफाट्याकडून नगर रस्त्याने येताना बैल, पिकअप आणि शेव-रेवडीची पालं दिसायच्या आधी तोंडं दिसतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधोमध 'भाऊ', त्यांच्या डोक्यावर तालुका, त्याच्यावर जिल्हा आणि राज्य, आणि तळाला पासपोर्टाएवढी पोरं, गॉगल लावून, 'शुभेच्छुक' म्हणून. एकदा बैल गाडीतून उतरेपर्यंत मी ती मोजली. एकतीस भरली. त्या एकतिसांपैकी एकानेही मला काही करायला सांगितलं नव्हतं. क्रांतीचं पोस्टर सांगतं.

पुण्यात चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला मात्र फ्लेक्स आणि क्रांतीचं पोस्टर यांत जातीचा फरक दिसत नाही. त्याच्या मते लाल रंग, तिरकी रेघ, आवळलेली मूठ ही सगळी डोळा ओढायची हत्यारं. साबण खपवायला वापरा नाहीतर क्रांती. शिवाय, तो म्हणतो, ज्या चित्रांवर तू भाळतोस त्यांच्याच आडोशाने स्टालिनने माणसं मारली. आणि आता तर चे गेव्हारा टी-शर्टवर आला, म्हणजे विषयच मिटला.

पहिला मुद्दा आधी घेतो, कारण त्याचं उत्तर आमच्याच भिंतीवर होतं. १९८० साल. चाकणला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला, त्या सुमाराची गोष्ट. मी चौथीत होतो. संध्याकाळी दोन पोरं रस्त्याकडची भिंत मागायला आली. आजी आधी नाही म्हणाली. भिंत नुकतीच सारवलेली. मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःच चुन्याची बादली काढून दिली. पोरांनी निळीत बुडवलेला दोरा दोन टोकांना धरून टणकन सोडला, सरळ ओळ उमटली. डालड्याच्या डब्यात गेरू, आणि ब्रश म्हणजे दगडाने ठेचलेली शिंदीची काडी. 'भीक नको, हवे घामाचे दाम.' जागेचा अंदाज चुकला आणि 'दाम' कोपऱ्याशी येऊन खाली घसरला. आजीला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या कांद्याचं म्हणतोय का रं ह्यो?"

साबणाची जाहिरात माणसाला एकट्याला गाठते आणि तुझ्यात काहीतरी कमी आहे असं त्याच्या कानात सांगते. आमची भिंत सांगत होती, कमी तुझ्यात नाही, तुझ्या हाती आलेल्या कांद्याच्या पट्टीत आहे. आणि ते ती भर रस्त्यात सांगत होती, शेजाऱ्याच्या देखत. साबण घ्यायला शेजारी लागत नाही. रस्ता अडवायला लागतो. रंगाची हत्यारं दोघांकडे सारखी असतील. विळी आणि विळाही एकाच लोखंडाचे असतात.

स्टालिनचा मुद्दा मला जड जातो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पण त्या पोस्टरांवर काय काय बदलत गेलं ते तर बघू. १९१९मध्ये चित्रकार एल लिसित्स्कीने रशियातल्या यादवी युद्धासाठी केलेलं पोस्टर आठवा: पांढऱ्या वर्तुळात घुसलेली लाल पाचर. बस्स. माणूस नाही, मिशी नाही. पुढे १९३०च्या दशकात गुस्ताव क्लुत्सिसच्या पोस्टरांवर स्टालिन एवढा मोठा झाला, की कामगार त्याच्या बुटाएवढे उरले. आणि १९३८मध्ये त्याच क्लुत्सिसला स्टालिनच्याच राजवटीने गोळी घातली. मित्राने या सगळ्याला एकच नाव दिलं, तिथे त्याची चूक झाली. पाचर बघणाऱ्याला सांगते, घूस. बुटाएवढ्या कामगारांवरचं तोंड सांगतं, तू गप उभा राहा, मी आहे. ही दुसरी जात म्हणजे आपला वाढदिवसाचा फ्लेक्सच, फक्त चित्रकार हुशार.

बिनतोंडाची पहिली जात आपल्याकडेही होती. शेतकरी संघटनेचा बिल्ला ज्यांनी छातीवर लावला त्यांना विचारा. लाल, गोल, वर संघटनेचं नाव. त्यावर जोशींचं तोंड नव्हतं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही एका जनावराच्या नावाने. १९६८मध्ये पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी कलाशाळा ताब्यात घेऊन रात्री-रात्री स्क्रीन प्रिंट काढल्या, त्यांवर कुणाची सही नसे. या चित्रांची जागा लढाईत आहे, दिवाणखान्यात नाही, असंही त्यांनी बजावून ठेवलं होतं. त्यांतली कितीतरी आज संग्रहालयांच्या काचेआड आहेत, तो भाग वेगळा.

राहिला चे. छायाचित्रकार कोर्दाने त्याचा फोटो १९६०मध्ये काढला, पण घरोघरच्या भिंतीवर तो गेला १९६७मध्ये चे मारला गेल्यावर. मेलेला माणूस तिकीट मागत नाही, म्हणून त्याचं तोंड चालून जातं. टी-शर्टबद्दल मित्राशी मी भांडत नाही.

आणि सगळा दोष फ्लेक्सच्या माथी मारणारेही मला पटत नाहीत. २०२३मध्ये मराठा आरक्षणासाठी राज्यभर वेशीवेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे बोर्ड लागले, ते बरेचसे फ्लेक्सच होते. ज्यांच्यावर नुसती अक्षरं होती, त्यांच्यापुढे भलेभले गाडी वळवताना दिसले. ज्यांच्यावर फोटो होते ते बघून मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या शेजाऱ्याने परवा कांद्याच्या बराखीवर जुना फ्लेक्स टाकला. तोंडं खाली, पांढरी पाठ वर. भाद्रपदातल्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून थोडा लाल ऑइलपेंट उरला होता. त्याच्या दहावीतल्या पोरीने त्या पाठीवर लिहिलं, 'या भावात देणार नाही.' 'नाही'ला जागा पुरली नाही, तो खाली घसरलाय. व्यापाऱ्याची पिकअप काल दोनदा समोरून गेली. दुसऱ्यांदा जरा हळू.