रकान्याच्या डोक्यावर काय लिहावं?

मंडळी, आजचा विषय वाचून घरचे हसणार. मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर आणि लिहितोय कशावर, तर डेटाबेसच्या रकान्यांवर! पण दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, गुणपत्रकं यांचे रकाने आखण्यातच माझी नोकरी गेली. रकान्याच्या डोक्यावर काय लिहायचं, हा मुळात भाषेचाच प्रश्न आहे.

नातू पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं समजावलं ते असं. प्रोग्रॅम लिहिणारे एका पद्धतीनं नावं देतात, डेटाबेसमधल्या तक्त्यांची पद्धत वेगळी असते. मध्ये ओआरएम नावाचा दुभाष्या बसतो. जावावाल्यांचं हायबरनेट हा त्यातलाच एक. प्रोग्रॅममध्ये 'फर्स्टनेम' असं जोडून, मधला एन कॅपिटल करून लिहिलं, तर तक्त्यात 'फर्स्ट_नेम' शोधायचं, असा नियम त्याला एकदाच सांगून ठेवता येतो. २०१५ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून या नियमाचे दोन भाग झाले. नाव दिलंच नसेल तर कोणतं धरायचं, हा पहिला. ठरलेलं नाव तक्त्यासाठी कोणत्या रूपात लिहायचं, हा दुसरा.

आपल्याकडे हे काही नवं नाही. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्हारशाह. तालुका देसाईगंज, स्टेशन वडसा. चांद्याचं चंद्रपूर झालं, तरी चांदा फोर्ट स्टेशन आहेच. प्रवाशाला जोडी ठाऊक असली म्हणजे झालं.

म्हणून माझं पहिलं मत: जुन्या तक्त्यातली नावं केवळ नव्या पद्धतीच्या हौसेपायी बदलू नयेत. नियम दुभाष्याला सांगावा, तोही एकाच ठिकाणी. आणि सांगतानाही जपून. नियम बदलला आणि तक्ते आपोआप सुधारण्याची सोय चालूच राहिली, तर हायबरनेट जुन्या रकान्याचं नाव बदलत नाही. शेजारी नव्या नावाचा कोरा रकाना आखून मोकळं होतं. माहिती जुन्या रकान्यात शाबूत, पडद्यावर मात्र काहीच नाही. भामरागड-एटापल्लीहून दाखल्यासाठी बस धरून आलेल्या माणसाला एवढंच ऐकायला मिळणार, की तुमची नोंद दिसत नाही. त्याचा दिवस बुडाला, भाडंही गेलं.

दुसरं मत जास्त महत्त्वाचं. नियमानं नावाचं रूप बदलतं, अर्थ बदलत नाही. 'मिडलनेम'चं 'मिडल_नेम' कितीही सफाईनं केलं, तरी मधलं नाव म्हणजे कुणाचं? आपल्याकडे मुलाच्या बाबतीत ते वडिलांचं, लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत बहुधा नवऱ्याचं. त्यात महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये ठरवलं, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. निर्णय चांगला झाला. पण आता मधली नावं दोन. 'मिडल_नेम' रकान्यात आई लिहायची की बाप?

इथे कोणताही दुभाष्या कामाचा नाही, कारण चूक मूळ शब्दात आहे. 'मधलं' ही जागा झाली, नातं नव्हे. जागा शासनाच्या एका निर्णयानं बदलते, नातं बदलत नाही. म्हणून रकान्याला 'आईचं नाव', 'वडिलांचं नाव', 'पतीचं नाव' असंच म्हणावं, मग लिपी रोमन असो की देवनागरी.

काही जण म्हणतील, रकान्याचं नाव लोकांना दिसतं कुठे? लोकांना नाही दिसत, खरं आहे. पण पाच वर्षांनी ते काम हाती घेणाऱ्या पोराला तेवढंच दिसतं. त्यानं 'मिडल_नेम' वाचून वडिलांच्या जागी आईचं नाव छापलं, तर चकरा मारणार ते पोराचे आईबाप.

अंडरस्कोर कुठे द्यायचा ते यंत्रावर सोपवा. शब्द मात्र माणसानं निवडावा, आणि ज्याचं नाव त्या रकान्यात जाणार आहे त्याला आठवून निवडावा. घरातल्या संगणकवाल्यांनो, बघा पटतंय का.